वर्गप्रतिनिधी होणाऱ्या भाचीस

नंदुरबार, रविवार

चि. छोटीस,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर बोलायला बसलो तर अर्ध्यात आवाज तुटतो, आणि हे बोलणं तुटक करायचं नाही, म्हणून कागद घेतला. तू दोन गोष्टी विचारल्यास. वर्गातल्या मुली प्रतिनिधी हो म्हणतात, होऊ का? आणि विद्यापीठात सिनेटच उरली नाही तर त्या प्रतिनिधीला विचारतं कोण?

पहिल्याचं उत्तर, हो. दुसऱ्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१९८२-८३ साली सुरतच्या एका कॉलेजात मी जीएस, म्हणजे विद्यार्थी मंडळाचा जनरल सेक्रेटरी, होतो, हे तुझ्या आईने तुला कौतुकाने सांगितलं असेल. उधन्याच्या चाळीत राहणारा, बारा-बारा तासांच्या पाळीत लूम चालवणाऱ्या खानदेशी माणसाचा मुलगा जीएस झाला, याचं चाळीला फार अप्रूप होतं. वडिलांनी पेढे वाटले. फीच्या पावतीवर विद्यार्थी मंडळाचा एक रकाना असायचा. प्रत्येकाकडून घेतलेली ती रक्कम आमच्या हाती आली आणि तिच्यातला बहुतेक पैसा आम्ही वार्षिकोत्सवाच्या मंडपात, लाउडस्पीकरमध्ये आणि ऑर्केस्ट्रात घातला. मुलं खूश होती, प्राचार्य खूश होते. हिशेब कुणी मागितला नाही आणि आम्हीही दिला नाही.

त्याच वार्षिकोत्सवाच्या आठवड्यात एक मुलगा आला. पहिल्या वर्षाचा, रात्रपाळी करून थेट कॉलेजात आलेला, केसांत कापसाचं बारीक तूस. मी खानदेशी म्हणून अहिराणीतच म्हणाला, "भाऊ, माले फारम भरनं शे." परीक्षेच्या फॉर्मची तारीख उलटली होती, लेट फी भरायला पैसे नव्हते आणि ऑफिसातल्या खिडकीशी गुजरातीत बोलायची त्याला भीती वाटत होती. मी म्हणालो, उद्या ये, आज स्टेज लागतंय. तो दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतर कधीच दिसला नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं झाली छोटी, त्या मंडपाचा रंग मला आठवत नाही, पण त्याच्या केसांतलं तूस आठवतं.

विद्यार्थी मंडळ कशासाठी असतं, हे मला त्या मुलाने शिकवलं, पण शिकायला मी उशीर केला. ज्याच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्याच्यासोबत खिडकीपर्यंत जाणारं माणूस म्हणजे मंडळ. गरबा, ट्रॅडिशनल डे, क्रिकेटच्या मॅचेस हेही हवंच. तरुण पोरं एकत्र येऊन गातात-नाचतात त्यात वावगं काही नाही. पण त्यासाठी प्रतिनिधी नसला तरी चालतं. खिडकीशी मात्र तो नसला तर एखाद्याचं शिक्षण सुटतं.

तू गुजरातेत शिकतेस, म्हणून नवनिर्माण आंदोलनाची गोष्ट तुला नीट माहीत असायला हवी. २० डिसेंबर १९७३ रोजी अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांनी संप केला. कारण काय, तर मेसचं बिल २० टक्क्यांनी वाढलं. धान्य-तेलाचे भाव चढले होते, ते मेसच्या ताटात उतरले आणि ताटावरून पोरं रस्त्यावर आली. जानेवारीत प्राध्यापक, कामगार, गृहिणी सामील झाल्या. गावोगावी संचारबंदी लागली, २८ जानेवारीला अहमदाबादेत लष्कर आलं. मी तेव्हा लहान होतो. चाळीत मोठ्यांचं बघून आम्हीही थाळ्या बडवल्या होत्या, कशासाठी ते कळत नव्हतं. ९ फेब्रुवारी १९७४ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला. १६८ पैकी १४० जागा जिंकून आलेल्या पक्षाचं ते सरकार होतं! मार्चमध्ये मोरारजीभाई उपोषणाला बसले आणि विधानसभाही बरखास्त झाली. पण शंभराच्या आसपास माणसं त्या दिवसांत मेली, हेही त्याच हिशेबात धर.

ही गोष्ट भाषणांत सांगतात तेव्हा सरकार पडलं तिथे टाळ्या घेतात. मला मात्र तिची सुरुवात मोलाची वाटते. एका मेसचं बिल. पोरांनी ते हातात धरून विचारलं, ही वाढ का? राज्य हलवणारा प्रश्न इतका साधा होता. आणि त्या आंदोलनाचं उणंही मला तिथेच दिसतं. सरकार गेलं, १९७५च्या जूनमध्ये निवडणूक होऊन बाबूभाई पटेलांचं जनता मोर्चा सरकार आलं, पण प्रत्येक होस्टेलात बिल तपासणारी पोरांची कायमची समिती काही त्यातून उभी राहिली नाही. राहिली असती तर माझ्यासारखा जीएस नऊ वर्षांनी बिनहिशेबी सुटला नसता.

याच्याही आधीची एक सुरती गोष्ट आहे. तुझ्या विद्यापीठाला कवी नर्मदाचं नाव आहे, पण नर्मद दहा वर्षांचा होता तेव्हा, १८४४ साली, सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. शिक्षक दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्यासोबत आपले दादोबा पांडुरंग, मराठी व्याकरणकार, जे तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. जातिभेद, विधवाविवाह, मंत्रतंत्र यांवर तिथे खुली चर्चा चाले. जादूटोणा करणाऱ्यांना, या आणि सगळ्यांसमोर सिद्ध करा, असं आव्हान दिलं जाई. ती सभा फार वर्षं टिकली नाही. तरी तिच्यात कोण काय बोललं ते आज सांगता येतं, कारण दुर्गाराम नोंदी ठेवत. महिपतराम रूपराम यांनी पुढे त्यांचं चरित्र लिहिलं ते त्या नोंदींच्या जोरावर. एक मराठी आणि एक गुजराती मास्तर सुरतेत शेजारी बसून वाद घालत होते, हे मला उधन्यात वाढताना कुणी सांगितलं नाही. तुला मी सांगतोय.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात १९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि १९९४च्या कायद्याने थेट मतदान जाऊन गुणवत्तेवर नेमणुका आल्या. २०१६च्या कायद्यात मतदान परत लिहिलं गेलं. २०१९ला जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. देशपातळीवर लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर नको, हाताने लिहिलेलं चालेल. चांगल्या शिफारशी आहेत. गुजरातेत २०२३च्या नव्या कायद्याने ११ सरकारी विद्यापीठांतली सिनेट-सिंडिकेट गेली, त्यांच्या जागी बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. तुझ्याच विद्यापीठात २०२२ साली विद्यार्थ्यांनी सिनेटसाठी मतदान केलं होतं, ते आता इतिहासात. मारामारी आणि पैसा होता म्हणून मतदानच बंद करणं मला पटत नाही. अठराव्या वर्षी खासदार निवडणारी मुलगी स्वतःच्या विद्यापीठात कुणाला निवडू शकत नाही, हे चुकीचं आहे आणि ते तू मोकळेपणाने म्हणत राहा.

पण तोवर हात बांधून बसू नकोस. यूजीसीच्या २०२३च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थ्यांची तक्रार समिती असावी लागते, तिच्यात एका विद्यार्थ्याला विशेष निमंत्रित म्हणून बसवावं लागतं आणि तक्रार आल्यापासून १५ कामाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. तिथे नाही पटलं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. तुमच्या कॉलेजात ती समिती कोणाची आहे, हे आधी शोध. तोंडी तक्रार करू नकोस. लिहून दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे.

आणि आपल्या मुलांचा एक प्रश्न तुला पहिल्याच महिन्यात भेटेल. लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीहून येणाऱ्या खानदेशी मुलांच्या वडिलांचा जातीचा दाखला महाराष्ट्रातला असतो. एका राज्यातून दुसऱ्यात स्थलांतर केलं की तो तिथल्या आरक्षणासाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितलं आहे. पोरांना हे कळतं प्रवेशाच्या खिडकीशी, शेवटच्या दिवशी. फी माफ होईल म्हणून आलेला पोरगा तिथून परत फिरतो आणि लूमवर जातो. तू तो कायदा बदलू शकणार नाहीस. पण कुठला दाखला चालतो, कुठला नाही आणि जातीवर न ठरणारी कुठली मदत मिळते, हे मराठी, गुजराती आणि उडिया अशा तीन भाषांत कागदावर लिहून, प्रवेशाच्या महिनाभर आधी त्या वस्त्यांतल्या शाळांत लावू शकतेस. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, उडियाही आहेत. तिथले शिक्षक भिंत नक्की देतील.

मंडळाच्या नावाने एक रुपया जरी जमवलास तरी हिशेब वर्गाच्या दारावर लाव. कोण आलं, काय मागितलं, पुढे काय झालं, तेही लिही. आधी नाव.

पुढच्या गुरुवारी येतोय, उधन्याला उतरेन. इथे बाजारात लाल कापडी पाठीच्या लांब वह्या मिळतात, दोन घेऊन येतो. तुझ्या फीच्या पावतीची झेरॉक्स काढून ठेव, त्यातले रकाने आपण दोघं बसून बघू. आईला सांग, कळण्याच्या भाकरी कर.

तुझा,
मामा