जुन्या बाजारातला रंधा

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. दहा वर्षांचा असताना बाबांबरोबर मी तिथे पहिल्यांदा गेलो. ताडपत्र्यांवर नळाच्या तोट्या, पितळी समया, पान्यांचे ढीग. बाबा सुतार. एका लाकडी रंध्यापाशी ते उकिडवे बसले. रंधा उलटा केला, एक डोळा मिटून तळ उजेडावर धरला. पाचर हलवून पाहिली, पातं नखावर टेकवलं. मुठीला कुणा अनोळखी सुताराच्या अंगठ्याने खळगा पडला होता. बाबांनी त्यात आपला अंगठा ठेवला. बरोबर बसला.

"कितीला?"

"दीडशे."

"साठ."

"अहो, अजून भवानी व्हायचीय!"

शंभरावर जमलं. परतताना बाबा म्हणाले, "भाव पाडावा, पण वस्तूला नावं ठेवू नयेत. कुणाचं तरी पोट भरलंय तिच्यावर."

नोकरी लागल्यावर मी नेमकं तेच विसरलो. एका पथारीवर एचएमटीचं चावीचं 'जनता' घड्याळ दिसलं. १९६१ साली बंगळूरला जपानी सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झालेल्या या घड्याळांचा कारखाना तेव्हा नुकताच बंद पडला होता. मी म्हणालो, "कंपनी गेली, काचेवर ओरखडे, कोण घेणार हे?" म्हाताऱ्या विक्रेत्याने घड्याळाला चावी दिली, माझ्या कानाशी धरलं, टिकटिक ऐकवली आणि ते फडक्यात गुंडाळलं. "तुला नाही द्यायचं." दुप्पट देऊ केले तरी नाही म्हणाला. त्याचं बरोबर होतं. आजही ती टिकटिक आठवली की मान खाली जाते.

पुढे बाबांचे हात थरथरू लागले. हत्यारं गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी हाती जावीत, असं त्यांनीच ठरवलं. ओळखीच्या पथारीवाल्याने ताडपत्रीचा कोपरा दिला. करवती, पटाशा भराभर गेल्या. रंधा राहिला. बाबांनी पाचशे सांगितले की गिऱ्हाईक दोनशे म्हणे, आणि बाबा हूं की चूं करत नसत.

दुपारी एक पोरगा आला. काही न बोलता त्याने रंधा उलटा केला, एक डोळा मिटला, तळ उजेडावर धरला.

"काका, चारशेला द्याल?"

"तीनशे दे," बाबा म्हणाले. मग त्याच्या हातातला रंधा क्षणभर परत घेऊन त्यांनी पाचरीवर बोट ठेवलं. "पातं डावीकडे जरा ओढतं. ठोकताना इथे हलकं ठोक."