पैसे भरलेले ताट

प्रवासास निघण्यापूर्वीच जेवणाचे पैसे भरून टाकावे, की जेथे भूक लागेल तेथे पानावर बसावे, हा प्रश्न हल्ली सुटीत बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहतो. हॉटेलात खोली ठरवू लागले की दोन अक्षरी-तीन अक्षरी सांकेतिक शब्द कानावर येतात. नुसती खोली म्हणजे ई.पी., सकाळच्या फराळासह सी.पी., फराळ व एक जेवण म्हणजे एम.ए.पी., आणि फराळासह दोन्ही जेवणे म्हणजे ए.पी. घरातील कर्ता पुरुष बहुधा शेवटच्या प्रकाराकडे वळतो. मंडळी पुष्कळ, त्यांत मुले, त्यांत वृद्ध. एकदा पैसे भरले की रोज उठून हिशेब नको, असा त्याचा साधा विचार असतो. हा विचार चुकीचा आहे असे नव्हे. परंतु मुंबईस येऊन, आणि त्यातही गिरगाव, लालबाग, परळ, दादर हा भाग पाहावयास येऊन तो करणे योग्य होईल काय, याचा थोडा विचार वाचकांनी करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईस ही रीत नवी मुळीच नाही. आगाऊ पैसे भरून जेवण्याचा रिवाज ज्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या चालला, ती वस्ती म्हणजे आपले गिरगाव. फणसवाडी, खोताची वाडी, मुगभाट, झावबाची वाडी या गल्ल्यांतून कोकणातून व देशावरून आलेले कारकून, मास्तर, विद्यार्थी एका खोलीत चौघे-पाचजण राहत आणि जवळच्या खाणावळीत महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवत. ज्यास थोडे अधिक परवडे, त्याच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृहासारखी राहण्याजेवणाची सोय होती. याच सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे 1 ऑगस्ट 1920 रोजी देहावसान झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. काळबादेवीकडे गुजराती मंडळींच्या वीशी होत्या. त्यांतील एकीचे ‘फ्रेंड्स युनियन जोशी क्लब’ हे नाव वाचून नवखा मनुष्य तेथे पत्त्यांचा डाव शोधू लागेल, पण तेथे सापडते ते ताट! ज्यांनी पैसे भरले ते सभासद, आणि त्यांचा तो क्लब.

खाणावळीच्या कारभारात सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘खाडा’. महिन्याचे पैसे भरले, पण एखादे दिवशी मामांकडे जेवावयास गेलो, तर त्या जेवणाचे काय? बहुतेक खाणावळींचा नियम असा की एकट्यादुकट्या जेवणाचा खाडा धरावयाचा नाही. सलग काही दिवस गैरहजर राहणार असाल आणि आधी सांगितले असेल, तरच तेवढे पैसे कापून मिळावयाचे. नियमात अन्याय नाही. तांदूळ वैरणाऱ्याने किती माणसांचे वैरावयाचे हे त्यास आदल्या दिवशी कळले पाहिजे. परंतु या एका शब्दाने माणसाचे सारे फिरणे बांधून टाकले. संध्याकाळी चौपाटीवर कितीही रमले तरी पाने उठण्यापूर्वी परतावयाचे. मित्राने उपाहारगृहात चला म्हटले तर मनात प्रथम विचार येई तो पदार्थाचा नव्हे, बुडणाऱ्या ताटाचा. जीभ मोकळी होती, बांधलेले होते ते पाय. आगाऊ दिलेला पैसा काय खावे हे क्वचितच ठरवितो. कोणत्या गल्लीत वळावे आणि कोणत्या वेळी परतावे, हे मात्र तो नेमके ठरवितो. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

आता गिरगावातून उत्तरेस लालबाग-परळकडे यावे. ताडदेवास 1854 साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढे पाऊणशे वर्षांत हा सारा मुलूख गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. कामगार बायकामुले गावी ठेवून येत. त्यांस जेवू घालीत त्या चाळींतील खाणावळवाल्या. दहा बाय बाराच्या खोलीत, रॉकेलच्या किंवा कोळशाच्या शेगडीवर, पाळीच्या वेळा सांभाळून पंधरा-वीस माणसांचे रांधणे ही बाई करी. रत्नागिरीच्या मनुष्यास भात-कालवण हवे, साताऱ्याच्या मनुष्यास भाकरी हवी. म्हणून खाणावळीची निवड पदार्थांची यादी पाहून होत नसे, गाडीतून उतरल्यावर गावकरी ज्या दारी नेईल तेथे ती कायमची होऊन जाई.

मात्र येथे पैशाची दिशा उलटी होती, आणि ही गोष्ट गिरगावकराच्या सहसा ध्यानात येत नाही. गिरगावातील कारकून पैसे आधी देई व मग जेवी. लालबागचा कामगार महिनाभर जेवी आणि पगार झाल्यावर देई. ते तीस दिवस कोणाच्या पदराखाली जात? त्या बाईच्या. ती वाण्याकडून धान्य उधार आणी, वाणी त्यावर जबर व्याज लावी, आणि कामगाराने खाडे केले, नोकरी सोडली, गावी गेला, तर तोटा तिच्या अंगावर पडे. कामगारासही सहज सुटका नव्हती; ज्या दारची बाकी आहे ते दार टाकून दुसऱ्या दारी जेवावयास कोण जाईल? आगाऊ पैसा जसा पाय बांधतो तशी उधारीही बांधते. या बायकांना संघटित करून 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. आरंभी अवघ्या 14 जणी होत्या. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांस मिळवून देणे हे मंडळाचे पहिले कार्य. तीस दिवसांचे ओझे प्रथमच हलके झाले ते या कर्जाने. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही असे म्हणतात. कामगार गावी परतले, आणि ज्या पगाराच्या भरवशावर शेगडी पेटत होती तो पगारच थांबला. आज त्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत आणि त्यांतील उपाहारगृहांत एका माणसाच्या जेवणास जे मोल पडते, त्यात त्या काळी चाळीतील सारी खोली कितीतरी दिवस जेवली असती.

महिन्याचे बंधन नको आणि रोजची घासाघीसही नको, यावर मधला मार्ग दक्षिणेकडील मंडळींनी काढला. दादरच्या शेजारी माटुंग्यास स्थानकाजवळ ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 सालापासून चालू आहे. आत शिरताच प्रथम पैसे भरून कुपन घ्यावयाचे, मग बसावयाचे. केळीच्या पानावर हवे की ताटात, हेही आधीच सांगावयाचे. येथेही पैसा आगाऊच, परंतु तो एका ताटापुरता. उद्या येथे यावयाचे की नाही हे उद्याची भूक ठरवील. मला हा प्रकार सर्वांत सभ्य वाटतो. जेवणारा बांधला जात नाही, आणि स्वयंपाकघरास किती पाने मांडावयाची हे वेळीच कळते.

परदेशांत याचे मोठे शास्त्रच झाले आहे. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांती वॉल्ट डिस्ने यांच्या नावाने जी क्रीडानगरी वसविलेली आहे, तेथे उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी 2005 साली जेवणाची आगाऊ योजना निघाली. महासाथीच्या वेळी ती बंद पडली व 2024 च्या आरंभी पुन्हा चालू झाली. तीत पाहुण्यास ठरावीक संख्येने जेवणे मिळतात: काही उभ्या-उभ्या घेण्याची, काही टेबलावर वाढली जाणारी. गंमत अशी की हिशेब जेवणांच्या संख्येचा असतो, पदार्थाच्या किमतीचा नव्हे. त्यामुळे साधे खाणारा मनुष्यही यादीतील सर्वांत महाग पदार्थ मागवितो. स्वस्त मागविला तर आपण फसलो असे त्यास वाटते. उंची उपाहारगृहे एका जेवणाबद्दल दोन मोजतात, म्हणून तेथे जावे की न जावे यावर कुटुंबात खल होतो. खेळ पाहावयास गेलेली मंडळी अशा रीतीने कागद-पेन्सिल घेऊन बसतात. आपली खाणावळ अंतर मोजावयास लावी, ही योजना किंमत मोजावयास लावते. दोहोंतही पोटास विचारले जात नाही ते नाहीच.

आमचे एक आप्त गेल्या मे महिन्यात नागपुराहून मुंबईस आले. बरोबर पत्नी, दोन मुलगे, सून, नातू आणि ऐंशी वर्षांच्या मातुःश्री, अशी सात माणसे. उतरण्याची जागा दादरला, दोन्ही जेवणांसह. जागा स्वच्छ होती, जेवणही वाईट नव्हते. पहिल्या दिवशी भायखळ्याची राणीची बाग पाहिली आणि पेंग्विन पक्ष्यांसमोर नातू खिळून उभा असता दुपारच्या पंगतीसाठी परतावे लागले. दुसऱ्या दिवशी गिरगाव. मातुःश्रींचा जन्म फणसवाडीतल्या चाळीतला. लग्न होऊन वऱ्हाडात गेल्या त्यानंतर त्यांस गिरगाव नीट पाहावयास मिळाले नव्हते. बरोबर मीही होतो. चाळ सापडली. तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने त्यांना ओळख नसताही खुर्ची दिली, पाणी दिले, आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना बोलवावयास मुलगी धावली. इतक्यात आप्तांनी घड्याळ पाहिले. दोन वाजता पाने बंद होत असत.

“आजोबा, आपण इथेच मिसळ खाऊ या ना,” नातवाने म्हटले.

“अरे, सात ताटांचे 2,100 रुपये भरले आहेत तिथे!”

सूनबाई हळूच म्हणाल्या, “बाबा, ते तर गेलेच आहेत. जेवलो तरी परत मिळायचे नाहीत. येण्याजाण्याच्या दोन टॅक्सींचे मात्र आता नव्याने जातील.”

अर्थशास्त्रात ज्यास बुडीत खर्च म्हणतात, त्याचे विवेचन याहून थोडक्यात मी कोठे ऐकले नाही. आप्त मात्र कंजूष नव्हेत. एकत्र कुटुंबात कर्त्याने आगाऊ भरलेला पैसा हा त्याने सर्वांस दिलेला शब्द असतो. तो वाया जाणे म्हणजे आपला अंदाज चुकला हे सुनेसमोर मान्य करणे. म्हणून ते उठले. मातुःश्री काहीच बोलल्या नाहीत. फक्त जिन्याकडे एकदा पाहून “येते हं” असे त्या रिकाम्या जिन्यालाच म्हणाल्या. वरच्या आजी खाली येईपर्यंत टॅक्सी ठाकुरद्वाराच्या पुढे गेली होती. दादरला पोहोचून वरण-भात, बटाट्याची भाजी व श्रीखंड मिळाले. श्रीखंड चांगले होते.

यावरून आगाऊ जेवणाची योजनाच टाकाऊ ठरवू नये. माथेरानास, जेथे मोटार चालत नाही आणि पावसात बाहेर पडणे कठीण, तेथे राहत्या जागीच दोन वेळचे जेवण असणे हे सुखच. परदेशच्या सहलीसही ते शोभते. 1984 साली केसरी पाटील यांनी प्रवासी कंपनी काढली तेव्हापासून दादर-माहीमच्या अशा कंपन्यांबरोबर किती मराठी ज्येष्ठ मंडळी युरोप पाहून आली! भाषा येत नाही, कोणत्या पदार्थात काय आहे हे कळत नाही, अशा ठिकाणी भरलेले ताट म्हणजे निम्मी चिंता गेली. जेथे बाहेर काही नाही, किंवा बाहेर जे आहे ते आपल्याला कळत नाही, तेथे पैसे आधी भरावेत. मुंबईचा हा भाग नेमका उलट आहे. येथे पाहण्याची ठिकाणे लांब-लांब पसरलेली आणि खाण्याची ठिकाणे त्या प्रत्येकाच्या दाराशी. अशा शहरात जेवण एका जागी खिळवून ठेवणे म्हणजे घराच्या अंगणात आंबा पिकलेला असता बाजारातून आणलेली पेटी आधी संपवीत बसण्यासारखे होय.

तेव्हा येणाऱ्यांनी फराळापुरते पैसे भरावेत. तेवढे बंधन उलट सोयीचे, कारण सकाळी सात माणसांचा चहा शोधीत हिंडणे कोणास नको असते. मग गिरगावास जावे. 2025 पासून भुयारी मेट्रोची स्थानके गिरगावासही झाली आणि दादरासही, त्यामुळे वृद्धांस पुलांचे जिने चढणे बरेचसे वाचते. दुपारी ठाकुरद्वारी विनय हेल्थ होममध्ये मिसळ खावी. खोताच्या वाडीतील अनंताश्रम, जेथील सारस्वती जेवणासाठी माणसे दूरदूरहून येत, तो आता बंद झाला आहे. वाडीतील जुनी लाकडी घरे मात्र अवश्य पाहावीत. लालबागेस मसाल्याची गल्ली आणि चिवड्याची गल्ली जवळजवळ आहेत. मे महिन्यात गेल्यास डंकाच्या आवाजात व मिरचीच्या खकाण्यात शिंकत का होईना, वर्षाचा मसाला कुटून घेता येईल. संध्याकाळी दादर. मामा काणे यांनी 1910 साली स्थानकासमोर उपाहारगृह काढले, तेव्हापासून या भागाने मराठी माणसास बाहेर खाण्याची सवय लावली. शिवाजी पार्काजवळ प्रकाशचा साबुदाणा वडा व पीयूष, आणि गडकरी चौकात आस्वादची थालीपीठ-मिसळ, ही त्याच परंपरेतील. रांग असते. रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी आणि वृद्धांसाठी एक खुर्ची मागून घ्यावी, देतात.

आमच्या आप्तांच्या मातुःश्री येत्या दिवाळीनंतर पुन्हा यावयाच्या आहेत. खोली सूनबाईंनी ठरविली आहे, सी.पी.; आणि फणसवाडीतील त्या आजींचा दूरध्वनी क्रमांक मी परवाच जाऊन आणला.