अकोला नव्हे, अकोटा

"अकोट्याला चाललेय" असं म्हटलं की आमच्या बेळगावात दहांतल्या नऊ जणांना 'अकोला' असंच ऐकू येतं. "बापरे, वऱ्हाडात? या उन्हात?" मग सांगावं लागतं, अकोला नव्हे हो, अकोटा. बडोद्यातलं. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता बावीस वर्षं झाली. तिच्या घरी मी अनेकदा गेले आहे. पण या खेपेला जाण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते कारण त्या घरात दोन महिन्यांपासून राहत होतं.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. वय सतरा. नाव लिहीत नाही, कायद्यानेही लिहिता येत नाही. त्याला विचारून हे लिहिते आहे. दहावीनंतर पोरगा हाताबाहेर गेला. कॉलेजच्या नावाने बाहेर पडायचा तो रात्री अकराला परत. भाऊजींचा हात सढळ. पट्टा निघाला की आम्ही मध्ये पडायचो आणि आम्हालाही ऐकून घ्यावं लागायचं. शेवटी एके दिवशी चोरीच्या मोटरसायकलवर दोन मित्रांबरोबर सापडला आणि निरीक्षणगृहात गेला. सव्वा महिना तिथे काढला. घरी आणल्यावर बाप-लेकांचं बोलणं बंद. तेव्हा बहीणच म्हणाली, "अक्का, पाठव त्याला इकडे. जुनी संगत तरी सुटेल."

अकोटा म्हणजे आता बडोद्याचाच भाग. फ्लॅट, स्टेडियम, सर सयाजीराव नगरगृह, रुंद रस्ते. नदी ओलांडण्याचा अकोटा-दांडिया बाजार पूल सौर पॅनेलांनी झाकलेला आहे. खाली विश्वामित्री, आणि तिच्यात खरोखरच्या मगरी! पण हा भाग बडोद्याहून जुना. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात वडपद्रक, म्हणजे आजचं बडोदं, हे अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक गाव म्हणून दान दिलेलं आहे. अंकोट्टक म्हणजे हेच अकोटा. आणि दान देणारा कोण? राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेचा कर्कराज. आपल्या कलबुर्गीजवळच्या मळखेडचे ते राष्ट्रकूट! मराठी गायकवाड इथे यायच्या हजारएक वर्षं आधी कन्नड मुलखातल्या राजांचा अंमल इथे होता, हे बहिणीच्या सासरी सांगितलं की सगळे कौतुकाने ऐकतात. माझी कॉलर आपोआप ताठ होते.

मी पोचले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. स्वयंपाकघरातून थाप-थाप आवाज येत होता. मला वाटलं बहीण भाकऱ्या करतेय. पाहते तर पुतण्या! ओट्यापाशी उभा राहून ज्वारीची रोट्टी थापत होता. आमच्या सासूबाई करायच्या तशी पातळ, कडेने न चिरलेली. सासूबाई गोकाककडच्या, माहेर कन्नड. जाऊन पाच वर्षं झाली. त्या होत्या तोवर घरात कन्नड होतं. हा मात्र अज्जीने कन्नडात हाक मारली की मुद्दाम इंग्रजीत उत्तर द्यायचा.

"कुठे शिकलास रे?"

"तिथे," एवढंच म्हणाला.

बाकीचं दुसऱ्या दिवसापासून, हिंडता हिंडता, तुकड्यातुकड्याने कळलं. निरीक्षणगृहातला स्वयंपाकी विजापूरकडचा, साठीचा माणूस. पहिल्या आठवड्यात हा कोणाशी बोलत नव्हता, नीट जेवत नव्हता. त्या माणसाने उपदेश केला नाही, काय गुन्हा केलास असंही विचारलं नाही. फक्त हाक मारली, "बा इल्ली," इकडे ये, आणि पिठाची परात पुढे सरकवली. पहिल्या दिवशी तव्यावर बोटं भाजली तेव्हा तो म्हणाला, "कै सुडतैति, मेल्लक." हात भाजतो, हळू. "काकू, ते अगदी अज्जीसारखं वाटलं," पोरगा म्हणाला आणि पुलाच्या कठड्याकडे तोंड फिरवलं. मीही मगरी शोधत राहिले.

पुलापलीकडे दांडिया बाजार. बडोद्यातल्या मराठी माणसांचा हा जुना भाग. इथेच अरविंद घोष राहिले ते घर आहे. बडोदा कॉलेजात शिकवणारा हा प्राध्यापक १९०८ साली अलीपूरच्या तुरुंगात गेला आणि वर्षभराने वेगळाच माणूस होऊन बाहेर आला. पण मला पोराला सांगायची होती ती दुसऱ्या एका मुलाची गोष्ट. विनायक नरहर भावे. पुढे ज्याला सगळा देश विनोबा म्हणू लागला, तो.

कोकणातल्या गागोद्याहून नऊ-दहा वर्षांचा असताना तो बडोद्याला आला. वडील नरहरराव कापडाच्या रंगांवर प्रयोग करणारे, शिस्तीचे. आई रुक्मिणीबाई कर्नाटकाकडची. तिच्या तोंडी कन्नड भजन असायचं. आज आपण त्यांचा शांत, दाढीवाला चेहरा ओळखतो. पण बडोद्यातला विन्या हे सरळ प्रकरण नव्हतं. भर उन्हात अनवाणी तासन्‌तास भटकायचा. वर्गात मन नाही. जिभेला धार. सेंट्रल लायब्ररीत उकडतं म्हणून सदरा काढून वाचत बसला. नोकराने हटकलं तर म्हणे, देवाने दिलेल्या अकलेप्रमाणे मी कपडे घालतो. तक्रार वरच्या मजल्यावर गोऱ्या संचालकांपर्यंत गेली. साहेब खुर्चीत, हा उभा. सभ्यतेचा प्रश्न निघाला तेव्हा यानेच विचारलं, आपण बसून समोरच्याला उभं ठेवणं ही कुठली सभ्यता? साहेब शहाणा, त्याने खुर्ची दिली. आमच्या पोराला ही गोष्ट फार आवडली. मला जरा धास्तीच वाटली, याने हाच भाग तेवढा उचलला तर!

वडील त्या काळच्या रीतीप्रमाणे मारायचे. रोजचा परिपाठच. एके दिवशी मार पडला नाही. विन्या वाट पाहून झोपला. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. काही कळेना. पुढे मनुस्मृती वाचताना उलगडा झाला. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्रासारखं वागवावं, असं तिथे लिहिलं होतं. वडिलांनी काही न बोलता ते पाळलं होतं.

हे ऐकल्यावर पुतण्या चालता चालता थांबला. "आमच्या पप्पांनी वाचलं नसेल ते," म्हणाला. हसून म्हणाला, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

दुपारी आम्ही सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गेलो. १९५१ साली अकोट्यात जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, अडुसष्ट मूर्तींचा. डॉ. उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंतच्या या मूर्ती. त्यांतली एक जीवंतस्वामींची. जीवंतस्वामी म्हणजे महावीर, पण संन्यास घेण्याआधीचे. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, राजपुत्राचा वेश, आणि तरी ध्यानाला उभे. घरात असून घरात नसलेला मुलगा. मी पाटी वाचून पुढे निघाले. पोरगा तिथेच बराच वेळ उभा होता. काय पाहत होता, मी विचारलं नाही. विनायकालाही बडोद्याच्या जुबिली बागेतला बुद्धाचा पुतळा असाच ओढून घ्यायचा. घर सोडलेला राजपुत्र. आपल्याच घरात घुसमटणाऱ्या मुलांना घर सोडून गेलेली माणसं जवळची वाटत असावीत. आई म्हणून मला ती ओढ कळते, आणि भीतीही वाटते.

विनायक शेवटी गेलाच. आधी चुलीपाशी बसून शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं जाळली. आई म्हणाली, आता नकोत, पण असू देत की, काय बिघडतं? यांचा उपयोग मला कधीच होणार नाही, म्हणून त्याने ती आगीत टाकली. २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून काशीची वाट धरली. मनात दोन वाटा होत्या. एक हिमालयाची, दुसरी बंगालची. बंगाल म्हणजे त्या वेळी बॉम्ब. वीस वर्षांचा, घरावर रागावलेला, हुशार आणि निडर मुलगा. तो कुठल्याही टोळीला हवासाच असतो. मोटरसायकल काय आणि बॉम्ब काय, फरक फार मोठा आहे हे मला कळतं. उंबरठा मात्र तोच असतो.

काशीत असताना गांधीजींच्या भाषणाची हकीकत त्याच्या वाचनात आली. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला तो अहमदाबादेत कोचरबच्या आश्रमात पोचला. गांधीजी तेव्हा भाजी चिरत बसले होते. त्यांनी याच्याही हातात सुरी दिली. झाली दीक्षा! प्रश्नोत्तरं नंतर. घरून पळालेल्या मुलाच्या वडिलांना गांधीजींनी स्वतः पत्र लिहून कळवलं, तुमचा मुलगा माझ्याकडे आहे, आणि त्याचं कौतुकही केलं. परात पुढे सरकवणारा आमचा विजापूरचा माणूस मला या जागी आठवला. गांधीजींची आणि त्याची तुलना करत नाही. पण भाजी दोघांनाही चिरायचीच होती, आणि समोर एक रिकामे हात होते.

तुरुंग विनोबांच्या वाट्याला पुढे आला. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते पकडले गेले. आधी नागपूर आणि मग अकोल्याचा तुरुंग. म्हणजे अकोट्याऐवजी अकोला ऐकणारी आमची मंडळी अगदीच चुकत नव्हती! तुरुंगात खडी फोडण्याचं काम होतं. एकदा त्यांना एकांतकोठडीही मिळाली. आठ-नऊ फुटांची खोली, वाचायला काही नाही, लिहायला काही नाही. ते तासन्‌तास फिरत आणि ध्यान करत. रात्री पहारेकऱ्याने डोळे मिटून बसलेलं पाहिलं आणि घाबरून गदागदा हलवलं.

१९३२ साली धुळ्याचा तुरुंग. तिथे तरुण सत्याग्रही होते. जोशात आलेले, आणि भिंतींच्या आत दिवस खायला उठला की कावणारे. विनोबांनी जातं धरलं. दळण आपलंच काम आहे असं मानून दळायला बसले, तशी बाकीचीही बसू लागली. आणि २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ते शब्द टिपून घेतले, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या कपाटात आहे. त्याच वर्षी त्यांची 'गीताई' छापून आली. ती मुळात आईच्या मागणीतून आलेली. बडोद्यात असताना आईला संस्कृत गीता कळेना. मुलाने मराठी पद्यातली आणून दिली, तीही जड वाटली. मग तूच का नाही सोपी करत, असं ती म्हणाली होती. आई १९१८ सालीच गेली. तिच्या मागणीचं पुस्तक यायला चौदा वर्षं लागली, आणि ते आलं तेव्हा मुलगा तुरुंगात होता.

आमच्या घरांना जवळचा वाटेल असा आणखी एक तुरुंग म्हणजे वेल्लोर. १९४२ नंतरच्या कैदेत विनोबांनी तिथे तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड या चारही दक्षिणी भाषा शिकून घेतल्या. आईच्या तोंडी ऐकलेली भाषा मुलाने जवळजवळ पन्नाशीत, गजांआड, अक्षर ओळखून वाचली.

"म्हणजे अज्जीची भाषा जेलमध्ये शिकणारा मी पहिला नाही तर," पुतण्या म्हणाला. मी म्हटलं, नाहीस. आणि तुझ्या वयाची मुलं तर आपल्या धारवाडलाही होती. मुंबई इलाख्यात १९२९ साली बोर्स्टल कायदा झाला, सोळा ते एकवीस वयाच्या मुलांना मोठ्या कैद्यांत न टाकता वेगळं ठेवून काम शिकवावं म्हणून. आणि इलाख्याची बोर्स्टल शाळा धारवाडला होती. त्यांतल्या किती जणांना कोणी परात पुढे केली असेल, देव जाणे. सगळ्यांना मिळत नाही असा माणूस. यालाही त्याच निरीक्षणगृहात बिडी ओढायला शिकवणारे भेटले होते, हेही त्याने मला सांगितलं. बिडी सुटलीय म्हणतो. मी खोलात गेले नाही.

त्या रात्री भाऊजींना फोन केला. विनोबांच्या वडिलांची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. पलीकडे बराच वेळ शांत. मला वाटलं फोन कट झाला.

"वहिनी," शेवटी म्हणाले, "सोळा तर केव्हाच होऊन गेली."

"सतराला चालत नाही असं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

पुन्हा शांत. मग विचारलं, "जेवला का तो?"

मी स्वयंपाकघरात डोकावले. तो तव्यावरची शेवटची रोट्टी उलटत होता. "तूच सांग," म्हणून फोन त्याच्या कानाला लावला. त्याचे दोन्ही हात पिठाचे होते, म्हणून मीच धरून उभी राहिले. पहिल्यांदा कोणीच बोलेना. मग पोरगा म्हणाला, "हं... नाही अजून. करतोय." थोड्या वेळाने, "ज्वारीची." आणि मग, जरा थांबून, "हो, अज्जी करायची तशी."

रोट्टी थोडी करपली. कोणी काही बोललं नाही.