ट्रंकेतले ग्लोव्हज

आमच्या वेळी बॉक्सिंगचं सामान कुणी निवडत नसे, ते वाटलं जाई. पुण्यात कॅम्पातल्या ज्या हॉलमध्ये मी ऐंशीच्या दशकात शिकलो, तिथे लष्करी हिरव्या रंगाची एक पत्र्याची ट्रंक होती. उस्ताद संध्याकाळी तिचं कुलूप काढत आणि ग्लोव्हज बाहेर येत. उस्ताद सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, नजर धारदार. आमच्यातल्या कुणालाही त्यांनी ‘तुला कुठले हवेत?’ असं विचारल्याचं मला आठवत नाही. आज कोण कुणाबरोबर उतरणार, हे ते आधी ठरवत आणि त्यावरून ग्लोव्हज देत. हात जड असलेल्या पोराला सगळ्यात जाड भरावाची जोडी. नवख्याला हलकी. एखादा दांडगा पोरगा तक्रार करायचा, “उस्ताद, हे फार बोजड आहेत.” उत्तर ठरलेलं असे : “तुझ्यासाठी नाहीत ते. त्याच्या नाकासाठी आहेत.”

आता माझी भाची बालेवाडीजवळ एका क्लबात शिकते. परवा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “मामा, यातले कुठले घेऊ, सांग ना.” बघतो तर आठ औंसांपासून सोळा औंसांपर्यंत, अस्सल चामड्याचे, कृत्रिम चामड्याचे, जेलवाले, नाडीचे, वेल्क्रोचे, आणि रंग तर दिवाळीच्या आकाशकंदिलांना लाजवतील असे. मला मनापासून हेवा वाटला. आमच्या काळी परदेशी माल दुर्मीळ होता. कुणाचा काका बोटीवर असला तर एखादी जोडी यायची, आणि ती हातात घालण्याआधी सगळा हॉल हुंगून बघायचा. बाकी सगळं जालंधरचं नाही तर मेरठचं. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधरात खेळाच्या सामानाचा धंदा नव्याने उभा केला, त्या हातांचं काम आमच्यापर्यंत पोचत होतं. मुंबईला गेलं की धोबीतलावच्या दुकानांच्या काचेमागे लटकणारे लाल ग्लोव्हज बघून यायचं. बघूनच यायचं.

ट्रंकेतले ग्लोव्हज सामाईक होते, आणि आज मागे वळून बघताना मला तीच त्यांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आतला कपडा कायम ओलसर. आधीच्या मुलाचा घाम वाळायच्या आत आपला हात आत जायचा. वास असा की घरी साबणाने दोनदा हात धुतले तरी पोळीचा घास तोंडाशी नेताना तो जाणवावा. यातलं काहीही परत यावं असं मला वाटत नाही. त्वचेचे आजार त्यातूनच पसरायचे. पण सामाईक असल्यामुळे एक गोष्ट आम्हांला कुणी न शिकवता कळली. आत्ता जो ग्लोव्ह माझ्या मुठीवर आहे, तोच पुढच्या राउंडला दुसऱ्याच्या मुठीवर असेल आणि माझ्या तोंडावर येईल. त्यामुळे प्रत्येक जण ग्लोव्ह हातात आला की आधी बोटांच्या सांध्यांवरचा भराव अंगठ्याने दाबून बघायचा. कापसाचे गोळे होऊन मध्ये पोकळी झाली असेल तर उस्तादांना दाखवायचा. ती जोडी मग फक्त ठोसे मारायच्या बॅगवर वापरायची, माणसावर नाही. आज ज्याची त्याची जोडी असते. हात नीट बसतो का, मनगट आवळलं जातं का, हे मुलं बारकाईने बघतात. भराव बसलाय का, हे बघणारा मुलगा मला क्वचित दिसतो, कारण त्या ग्लोव्हचा मार त्याला स्वतःला कधी बसणार नसतो.

भराव ही किरकोळ बाब नाही. एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास, भाजी घेताना कुणी हिशेबातही धरणार नाही इतकं वजन. १९८३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुइस रेस्टो आणि बिली कॉलिन्स ज्युनियर यांची लढत झाली. कॉलिन्स २१ वर्षांचा, तोवर एकही लढत न हरलेला. दहा राउंड संपले तेव्हा त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. लढत संपल्यावर त्याच्या वडिलांनी रेस्टोचा हात हातात घेतला आणि ग्लोव्ह पातळ लागल्याबरोबर आरडाओरडा केला. तपासात उघड झालं की ग्लोव्हजमधला जवळजवळ औंसभर भराव काढून टाकलेला होता. कॉलिन्सच्या डोळ्याला कायमची इजा झाली, तो पुन्हा रिंगमध्ये उतरू शकला नाही, आणि पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक दोघेही तुरुंगात गेले. मी ही हकीकत पुष्कळ वर्षांनी वाचली, आणि वाचताना आम्हां पोरांचा तो भराव दाबणारा अंगठा डोळ्यांपुढे आला.

म्हणून औंसांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांत अलीकडच्या नियमांनुसार हलक्या वजनाच्या पुरुषांना दहा औंस आणि जड वजनाच्यांना बारा औंस मिळतात, स्त्रियांना दहा. सरावात दोघं समोरासमोर उतरतात तेव्हा मात्र चौदा किंवा सोळा घ्यायचे. सोळा औंस म्हणजे साडेचारशे ग्रॅमची मूठ. तिसऱ्या राउंडला खांदे भरून येतात, हात खाली पडू लागतात, आणि ते वर ठेवायला शिकणं हाही सरावाचा भाग आहे. पण खरा हेतू जोडीदार उद्याही सरावाला यावा, हा. बॅगवर मात्र छोटे, घट्ट भरावाचे चालतात. परदेशातल्या व्यावसायिक लढतींत घोड्याच्या केसांनी भरलेले ग्लोव्हजही असतात. मेक्सिकन बनावटीच्या अशा जोड्यांची ख्याती मोठी, कारण मार बसेल तसतसा तो भराव सरकतो आणि ठोसा हाडापर्यंत पोचतो. आजचा फोम थरांचा असतो, धक्का पसरवतो आणि पुष्कळ दिवस टिकतो. या एका बाबतीत माझं मत पक्कं आहे : शिकणाऱ्या मुलाच्या हातात केसांचा ग्लोव्ह कधीही देऊ नये.

ग्लोव्हच्या आत हातावर गुंडाळायच्या पट्ट्यांचं मात्र फारसं काही बदललं नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. आम्ही औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणायचो. घरी आई ती धुऊन दोरीवर टाकायची. वाळल्यावर गुंडाळून ठेवायची ती गुंडाळीही शिस्तीची, कारण सैल गुंडाळलेली पट्टी हातावर सैलच चढते. आता साडेचार मीटरच्या तयार पट्ट्या मिळतात, अंगठ्यात अडकवायला फास आणि शेवटी वेल्क्रो. फार चांगली सोय झाली. हातात २७ हाडं असतात आणि ठोसा चुकीचा बसला की बहुधा करंगळीच्या मागचं, तळहातातलं हाड मोडतं. ग्लोव्ह समोरच्याला वाचवतो, पट्टी आपल्याला. हल्ली हातमोज्यासारखे जेलचे आतले मोजे मिळतात, दहा सेकंदांत चढतात. मला ते पसंत नाहीत. मनगटाभोवती तीन फेरे, अंगठा, बोटांमधून आडवी नेलेली पट्टी, मग सांध्यांवर घडी, असं करत करत प्रत्येकाला आपल्या हाताचा कच्चा भाग कळतो. माझ्या उजव्या मनगटाला एक फेरा जास्त लागतो, हे मला चाळीस वर्षांनंतरही माहीत आहे.

नाड्यांची आठवण सांगितली नाही तर आमच्या पिढीतला कुणी मला माफ करणार नाही. एक ग्लोव्ह चढवला की दुसरा चढवायला आणि बांधायला माणूस लागायचाच. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे पाचच मिनिटांनी ज्याच्याशी भिडायचं तोच. तो नाडी ओढायचा, “जास्त आवळलं का रे?” विचारायचा, गाठ आतल्या बाजूला दाबून त्यावर चिकटपट्टी लावायचा, म्हणजे गाठ कुणाच्या डोळ्याला लागू नये. पुढच्या खेपेला आपण त्याला बांधून द्यायचं. वेल्क्रोमुळे हे गेलं. वेळ वाचतो, एकट्याने सराव करता येतो, स्पर्धांतही वेल्क्रोच आला. तरीही ज्याच्या मनगटाची गाठ आपण स्वतः बांधली त्याच्यावर राग काढून ठोसे मारणं अवघड असतं, हे मी अनुभवाने सांगतो.

हेडगार्डचा प्रवास उलटसुलट झाला. आमच्याकडे चामड्याचे जुने, वजनदार हेडगार्ड होते, घाम पिऊन आणखी जड झालेले. जोरात ठोसा बसला की ते फिरून डोळ्यांवर यायचे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हेडगार्ड सक्तीचे झाले. आपले मनोज पिंगळे १९८८ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये उतरले तेही हेडगार्ड घालूनच. मग २०१३ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने मोठ्या गटातल्या पुरुषांसाठी ते काढून टाकले आणि २०१६ला रिओत पुरुष पुन्हा उघड्या डोक्याने लढले. स्त्रियांचे राहिले. यावर अजून वाद चालतो. एवढं मात्र नक्की, की हेडगार्डने भुवई फुटणं, कान सुजणं, डोक्याला डोकं आपटून जखम होणं टळतं. कवटीच्या आत मेंदू हलतो तो त्याने थांबत नाही. म्हणून हेडगार्ड घेताना जाडी बघून भुलू नये. गालावरची गादी फार फुगीर असेल तर बाजूने येणारा हुक दिसतच नाही, आणि न दिसलेला ठोसा सर्वांत वाईट. घालावा, मान झटकून बघावी, खाली आपल्या पायांकडे नजर जाते का बघावं, मग पैसे द्यावेत.

दात वाचवायला तोंडात घालायचं गमशील्ड ट्रंकेत नव्हतं, ते उघडच आहे. ज्याची ऐपत होती त्याने रबराचं घेतलं होतं, इतकं सैल की दात आवळून धरावं लागे. बाकीचे तसेच उतरत. १८९०च्या सुमाराला लंडनच्या वुल्फ क्राउझ या दंतवैद्याने बॉक्सरांसाठी ते पहिल्यांदा बनवलं म्हणतात, आणि तिथून आमच्या हॉलपर्यंत यायला त्याला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आता गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचं स्वस्तात मिळतं. दंतवैद्याकडून साचा घेऊन केलेलं त्याहून कितीतरी चांगलं बसतं, श्वास मोकळा राहतो. घरात पैसे कमी असतील तर ग्लोव्हजचा ब्रँड सोडावा, हे सोडू नये.

बॅगेबद्दल थोडक्यात. आमची बॅग म्हणजे लष्करी किटबॅग, आत चिंध्या आणि वाळू. वाळू तळाशी बसायची, त्यामुळे पोटाच्या उंचीवर मारलं की भिंतीवर मारल्यासारखं मनगट झिणझिणायचं. आमच्यातल्या कितीतरी जणांची मनगटं त्याच बॅगेने कायमची दुखावली. बुटांच्या जागी पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज होते. आजच्या बुटांचा पातळ, पकड घेणारा तळ आणि घोट्याला मिळणारा आधार बघितला की वाटतं, हे आम्हांला मिळायला हवं होतं.

आणि आमच्या हॉलमध्ये मुली नव्हत्या. एकही नाही. स्त्रियांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते २०१२ला, लंडनला, आणि तिथेच मेरी कोमने कांस्य मिळवलं. आज दुकानात छातीचे गार्ड आहेत, लहान पंजांसाठी अरुंद ग्लोव्हज आहेत, वेणी किंवा अंबाडा मावेल अशी जागा सोडलेले हेडगार्ड आहेत. जुन्या दिवसांबद्दल मला कितीही ओढ वाटत असली तरी ती ट्रंक माझ्या भाचीसाठी नव्हती, हे मी विसरू शकत नाही.

शेवटी आम्ही दोघं दुकानातच गेलो. तिच्या मनात दहा औंसांचे भरले होते, कारण स्पर्धेत तेच मिळणार. मी विचारलं, “रोज कुणाबरोबर उतरतेस?” म्हणाली, क्लबातली एक मुलगी आहे, शेहेचाळीस किलोची. भाची चौपन्नची. मग तिनेच चौदाची जोडी खाली काढायला लावली, अंगठ्याने सांध्यांवर दाबून बघितलं, दुसरी मागितली, तीही दाबली. काळी, वेल्क्रोची जोडी घेतली. दहा औंसांचे घ्यायची गरजच नव्हती; स्पर्धेत ते आयोजकच देतात. त्या वाचलेल्या पैशांत आम्ही दंतवैद्याची वेळ घेतली.