एका कढईची चार दुकानं

भोपाळच्या शिवाजी नगरात, सहा नंबर स्टॉपवर, 1998 साली आईने वडापावची गुमटी टाकली. बाबा सातपुडा भवनात कारकून. त्यांच्या डब्यातल्या वड्यांवर टपलेले सहकारी हीच आमची पहिली गिऱ्हाइकं. आईचं माहेर परळचं. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी 1966 मध्ये वडा पावात घालून विकायला सुरुवात केली. पाळी सुटली की माझे गिरणीकामगार आजोबा त्या गाडीपाशी थांबत.

भोपाळ पोहे-जिलबीचं शहर. लोक वड्यावर शेव मागत, जिरावन मसाला मागत, गोड चटणी मागत. आई सगळं देई, पण लसणाची सुकी चटणी तिने सोडली नाही. गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय वडा कढईत पडायचा नाही.

मालाडला 2001 मध्ये जम्बोकिंग ही वडापावची साखळी निघाली, कल्याणला 2004 मध्ये गोली. वर्तमानपत्रातली त्यांची कात्रणं दादाने गल्ल्यामागे चिकटवली होती. मराठी वडा कंपनी होऊ शकतो, या विचाराने तो झपाटला होता, आणि खरं सांगायचं तर मीही. 2012 पर्यंत आमची चार दुकानं झाली: शिवाजी नगर, दहा नंबर मार्केट, कोलार रोड आणि एम. पी. नगर. हिशेब माझ्याकडे. एम. पी. नगरात संध्याकाळी कोचिंग सुटलं की मुलांची झुंबड उडे; त्या एका दुकानात दिवसाला सातशे वडे जात.

चारही ठिकाणी चव एक राहावी म्हणून दादाने एकच भटारखाना काढला. तिथे वडे अर्धवट तळून डब्यांत भरायचे, दुकानात पुन्हा तळायचे. आम्ही तिथेच हरलो, असं मला वाटतं. गरम वड्यांवर झाकण पडलं की आत वाफ धरते, बेसनाचं कवच मऊ पडतं आणि दुसऱ्या तळणीत ते तेल पितं. आई एकदा कोलारच्या दुकानात गेली. वडा फोडला, बोटांना लागलेलं तेल पाहिलं आणि विचारलं, "हा कोणी केलाय रे?" दादा गप्प. त्याच्यावर माझा राग नाही. चार दुकानांना आईचे दोन हात कसे पुरणार होते?

मग 2016 मध्ये शिवाजी नगर आणि तुळशी नगर पाडून स्मार्ट सिटी उभारायचं ठरलं. झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले, मीही उतरले. प्रकल्प टी. टी. नगरला गेला, आमची झाडं वाचली, याचा मला आजही आनंद आहे. पण दुकान राहणार की जाणार हेच कळेना, म्हणून दादाने दुरुस्ती लांबवली, ती लांबतच गेली.

मार्च 2020 मध्ये कोचिंग बंद, कचेऱ्या बंद. भाडी मात्र चालू. दिवाळीपर्यंत तीन दुकानं सोडली. शिवाजी नगरचं पुढच्या पावसाळ्यात. शेवटच्या दिवशी दादाने कात्रणं नखाने हळूहळू सोडवली, एकही फाटू न देता.

कढई आता घरी आहे. रविवारी आई वडे करते आणि मी पाव आणायला आमच्या जुन्या बेकरीत जाते. बेकरीवाले चाचा अजूनही सवयीने वही उघडतात. "कितनी लादी, बेटा?"

"एक, चाचा."