आधी पाटीवर



बासरमध्ये राहणाऱ्याला अक्षराभ्यास म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वसंत पंचमीला ज्ञानसरस्वतीच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. आईबापांच्या मांडीवर बसून पहिले अक्षर काढणारी आणि मध्येच भोकाड पसरणारी मुले जिकडेतिकडे दिसतात. मी मात्र अक्षराभ्यासानंतरच्या कामातला माणूस. तेहेतीस वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली. त्यामुळे हात कसा शिकतो, अशी गोष्ट कुठेही निघाली की माझे कान टवकारतात.

माझा भाचा हैदराबादला डोळ्यांचा डॉक्टर होण्यासाठी शिकतो आहे. मागच्या दिवाळीत आला तेव्हा फराळ करता करता म्हणाला, "मामा, मोतीबिंदूची चाळीस ऑपरेशने झाली माझी, पण अजून एकाही माणसाला हात लावलेला नाही." सौ. घाबरलीच. तिला वाटले, हा जनावरांवर प्रयोग करतो की काय! मग त्याने सिम्युलेटरची हकीकत सांगितली. पुढे हैदराबादला गेलो तेव्हा परवानगी काढून त्याने मला ते यंत्र दाखवलेही.

टेबलावर प्लॅस्टिकचा एक चेहरा, त्यात डोळ्याच्या जागी एक नकली डोळा. वर सूक्ष्मदर्शक, पायाखाली दोन पेडल. हातात धरायची अवजारे दिसायला खरी, पण धार नसलेली. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला की आत संगणकाने काढलेला जिवंत डोळा दिसतो. अवजार हलवले की तोही हलतो, चुकीच्या जागी टोचले तर रक्त येते. तेच चित्र बाजूच्या पडद्यावर दिसत असल्याने मी भाच्याच्या पाठीमागे उभा राहून सगळे पाहत होतो. ही माझी जुनी सवयीची जागा.

मोतीबिंदू काढताना डोळ्यातल्या भिंगावरच्या पापुद्र्याला सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचे गोल भोक पाडावे लागते. कापून नव्हे, चिमट्याने हळूहळू फाडत. पापुद्रा केसाहूनही कितीतरी पातळ. ओढ जरा बाहेरच्या अंगाला गेली की फाट सरळ कडेला पळते. भाच्याचे पहिले वर्तुळ पाऊण झाले आणि पळाले. यंत्राने लगेच गुण दाखवले. वर्तुळ किती वाकडे, अवजार डोळ्याच्या आतल्या बाजूला किती वेळा घासले, वेळ किती लागला, सगळे वेगवेगळे. त्याने पुन्हा सुरुवात केली. सहाव्या खेपेला वर्तुळ जमले. पहिलीतली मुले 'व'ची गाठ घालताना नेमकी अशीच धडपडतात. फरक एवढाच की चाळीस मुलांच्या वर्गात माझी नजर एकेका पाटीवर दिवसातून दोनदा पडायची. या यंत्राची नजर हलतच नाही.

हा विषय माझ्या इतका जिव्हाळ्याचा का, तेही सांगतो. माझी थोरली आत्या एका नेत्रशिबिरात ऑपरेशन करून आली आणि तो डोळा कायमचा गेला. "पोरसवदा डॉक्टर होता रे, हात कापत होता त्याचा," एवढेच ती म्हणायची. त्या मुलाला दोष द्यावा असे मला कधीच वाटले नाही. त्याला कुठेतरी पहिले ऑपरेशन करायचेच होते. मला सलत राहिले ते वेगळेच. नव्या डॉक्टराचे पहिले ऑपरेशन नेहमी आत्यासारख्या बाईच्याच वाट्याला का यावे? पैसेवाला माणूस "मोठ्या डॉक्टरांनीच करावे" असे सांगू शकतो. फुकटच्या शिबिरात आलेली बाई काय सांगणार?

माणसावर हात टाकण्याआधी दुसऱ्या कशावर तरी सराव करावा, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत यावर स्वतंत्र अध्यायच आहे. छेद घ्यायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. शीर उघडण्याच्या सरावाला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. टाके घालायला कापड आणि मऊ चामडे. पट्टी बांधायला माणसाएवढी बाहुली. कितीही शास्त्र वाचलेला असला तरी सरावाशिवाय तो कामाला योग्य नव्हे, असे तिथे बजावले आहे.

आजच्या यंत्रांचा वंश मात्र वैमानिकांकडून आलेला. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून हलणारे नकली विमान बनवले. म्हणजे आपल्या पेटीच्या भात्याचाच भाऊबंद! सुरुवातीला ते खेळणे समजले गेले. १९३४ साली टपाल नेताना लष्कराचे अनेक वैमानिक दगावले, तेव्हा कुठे लष्कराने ते विकत घेतले. पुढे अल युल्टची या वैमानिकाने सिम्युलेटरवर वैमानिक घडवण्याचा मोठा धंदा उभारला, आणि उतारवयात, २०१० साली, मुलासह 'हेल्पमीसी' ही संस्था काढली. स्वस्तातल्या, बिनटाक्याच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेसाठी तिने असा सिम्युलेटर तयार केला की अवजार टेकताच हाताला खऱ्या डोळ्यासारखा विरोध जाणवतो. मुंबईतही त्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे.

याचा खरोखर उपयोग होतो का? २००२ साली सोळा शिकाऊ शल्यविशारदांची दुर्बिणीतून पित्ताशय काढतानाची परीक्षा प्रसिद्ध झाली. सिम्युलेटरवर न शिकलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. सोळा म्हणजे थोडे, हे खरे. पण २०२० साली ब्रिटनचे मोठे आकडे आले. तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांकडून भिंगामागचा पापुद्रा फाटण्याचे प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होते, ते २०१५ मध्ये २.६ टक्क्यांवर आले. याच काळात हे सिम्युलेटर तिथे जागोजागी बसले होते. डेन्मार्कमध्ये १८ डॉक्टर तपासले, तर नवशिक्यांना आणि ७५ हून कमी शस्त्रक्रिया केलेल्यांना यंत्राचा चांगला फायदा झाला, मुरलेल्यांना विशेष नाही. म्हणजे पाटी हवी ती सुरुवातीलाच.

आता गुणांबद्दल थोडे. विश्वस्तांपैकी काहींना टक्केवारी फार प्रिय आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. यंत्र हात मोजते. रुग्ण खोकला, अचानक हलला, घाबरून रडू लागला, तर हा डॉक्टर काय करील, हे त्या गुणांत येत नाही. आपल्याला जमत नाही हे ओळखून वेळेवर वरिष्ठांना हाक मारणे, हे तर नाहीच नाही. भाचा सांगतो की काही जण गुण कसे वाढवायचे याचीच युक्ती शिकतात. ते मला नवीन नाही. म्हणून त्या गुणांवर नापास करावे, पण केवळ त्या गुणांवर पास करू नये, असे माझे मत आहे.

आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, जवळच मुधोळला, एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे भोसले गोपाळराव पाटील नेत्रकेंद्र १९९६ पासून आहे. संस्थेचे खेड्यातले असे हे पहिलेच केंद्र. आपल्याकडची किती माणसे तिथून दिसायला लागून परत आली, ते घरोघर विचारावे. यंत्र हैदराबाद-मुंबईत असते, पण त्यावर तयार झालेला हात उद्या अशा गावातच लागणार आहे. २०२० च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरवली. मात्र संगणकाचे सिम्युलेटर महाग असल्याने ते सगळीकडे पोचलेले नाहीत. ते स्वस्त करण्याचे काम डॉक्टरांचे नाही, संगणक आणि यंत्रे शिकणाऱ्यांचे आहे, आणि तसे शिकणारे आपल्याच गावातल्या ट्रिपल आयटीत आहेत.

भाचा उन्हाळ्याच्या सुटीआधी चार दिवस येणार आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना चित्रफीत दाखवून तो माहिती सांगेल. मुख्याध्यापकांची संमती मिळाली आहे. यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे, प्रश्न आधी लिहून आणावेत. ज्यांना असे काही पाहून चक्कर येते त्यांनी मागच्या बाकावर, दाराजवळ बसावे.