शून्याच्या जागी एक

फोनवरून लॅपटॉप दुरुस्त करायचा तर लॅपटॉपपेक्षा समोरचं माणूस जास्त कळावं लागतं. मी बंगळुरूत, आई इंदूरला. तिची तक्रार एका वाक्याची होती : "लॅपटॉप काही ऐकूनच नाही राहिला." आमची इंदुरी मराठी अशीच. पुण्याचे नातेवाईक हसतात, हसोत.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. आईने मधल्या काळात इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला. फोन लगेच चालू झाला, टीव्हीही. लॅपटॉपवर मात्र वायफायची खूण दिसे, पासवर्ड लागे, आणि पुढे काही नाही. रविवारी मावशीशी बोलायचं ते त्या मोठ्या पडद्यावरच, कारण मोतीबिंदूमुळे फोनवरचा चेहरा आईला नीट दिसत नाही. दोन रविवार कोरडे गेले. शेजारच्या मुलाने येऊन लॅपटॉप 'खराब' असल्याचा निकालही दिला होता.

फोन चालतोय म्हणजे राउटर आणि बाहेरची लाइन शाबूत. वायफाय जोडलं जातंय म्हणजे लॅपटॉपची ती बाजूही शाबूत. अडलंय ते मधेच कुठेतरी. काळी खिडकी उघडून मी तिला एकेक अक्षर सांगत 'आयपीकॉन्फिग' टाइप करायला लावलं. आईने तीस वर्षं गणित शिकवलंय. तिने आकडे पाढ्यासारखे खणखणीत वाचले. पत्ता : १९२.१६८.०.५०. गेटवे : १९२.१६८.०.१. मग राउटर उलटा करून खालची चिकटपट्टी वाचायला सांगितली. १९२.१६८.१.१.

"तिसरा आकडा वेगळाय गं," आईच म्हणाली.

१९२.१६८ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून तेच आकडे असंख्य घरांत सापडतात. वाड्यातल्या खोल्यांच्या नंबरांसारखे. वाड्याबाहेर त्यांना कोणी विचारत नाही. एरवी हे पत्ते राउटरच वाटतो, तेही मुदतीने. अर्धी मुदत सरली की लॅपटॉप आपणहून विचारतो, राहू का अजून? पत्त्याबरोबरच त्याला बाहेर पडायच्या दाराचा नंबर मिळतो, तोच गेटवे. हा लॅपटॉप मात्र कुणाला काही विचारतच नव्हता. पत्ता आणि दार, दोन्ही कोणीतरी हाताने भरून ठेवलं होतं.

कोणी, हे दोघींनाही माहीत होतं. प्रिंटरचा पत्ता अधूनमधून बदले आणि छपाई अडे, म्हणून बाबांनी एका दुपारी सगळ्यांना कायमचे नंबर देऊन टाकले होते. लॅपटॉपला पन्नास, प्रिंटरला साठ. आईने दुधाच्या हिशोबाची वही आणली. मागच्या पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. जुना राउटर कंपनीचा माणूस घेऊन गेला, तरी लॅपटॉप अजून ते शून्यावरचं दार ठोठावत होता.

उपाय दोन होते. एक, लॅपटॉपमधले आकडे काढून 'ऑटोमॅटिक' करायचं. दुसरा, नव्या राउटरलाच जुना नंबर द्यायचा. मग बाबांनी लावलेलं काहीही हलवावं लागलं नसतं, प्रिंटरसकट. खरं सांगायचं तर मला दुसराच हवा होता. धोका एवढाच की राउटर कधी रीसेट झाला की तो परत आपल्या नंबरावर जाणार, आणि आपण परत इथेच. दोन्ही मी आईला सांगितले.

"पहिल्यात ह्यांचे आकडे जातील ना?"

"लॅपटॉपमधून जातील."

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"ऑटोमॅटिक कर," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तू फोन उचलला नाहीस तर मी कुणाला विचारू?"

सेव्ह केल्यावर काही सेकंदांत नवा पत्ता आला. तिसऱ्या जागी एक होता. तिने तो वहीत लिहून घेतला. तो बदलत राहील, लिहायची गरज नाही, हे मी बोलले नाही.

प्रिंटरचं राहिलंय. तो अजून जुन्या साठवरच बसून आहे. दिवाळीत गेले की बघेन. तोवर आईला छापायचं असं काही नाही म्हणते.